मंटप उभा राहतोय, आत काय येणार? अंदाज आणि हिशेब



मागच्या लग्नसराईत बसवकल्याणला एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त टळून गेला, तरी पंगत बसायला वेळ होता, म्हणून मांडवाच्या कडेला आम्ही सातआठ जण खुर्च्या ओढून बसलो. विषय निघाला नव्या अनुभव मंटपाचा. बसवकल्याणात हल्ली कुठेही चार माणसे बसली की हाच विषय निघतो. एकाने सांगितले, आत बसवण्णांचा यंत्रमानव बसणार आहे, तो हात उंचावून वचने म्हणणार. दुसऱ्याने सांगितले, शरणांचे ७७० पुतळे येणार, ऑर्डरसुद्धा गेली. तिसऱ्याच्या मते त्रिपुरांत तलावात बोटी आणि किल्ल्यापर्यंत रोपवे होणार. हैदराबादला नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "काका, छोटी रामोजी फिल्म सिटीच समजा." प्रत्येकाकडे आतली बातमी होती. कुणाचा मेव्हणा ठेकेदाराकडे, कुणाचा भाचा इंजिनियरच्या गाडीवर ड्रायव्हर.

ऐकायला मजा आली. इतक्यात वधूपक्षाकडच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, "साहेब, सस्तापूर बंगल्याच्या रस्त्याला साइट घेतलीय. चौदा खोल्यांचं लॉज काढावं म्हणतो. ऐंशी लाखांचं कर्ज मिळेल का?" मी विचारले, गिऱ्हाईक कुठून येणार? ते म्हणाले, "आता ऐकलंत ना तुम्ही? रोबोट, बोटी, रोपवे. माणसं काय कमी येणार आहेत?"

त्यानंतर जेवणात माझे लक्ष लागले नाही. गप्पा फुकट असतात, पण ऐंशी लाखांना व्याज लागते. आपल्या मंडळातल्या कितीतरी कुटुंबांची शेती, दुकाने, नातीगोती बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी या पट्ट्यात आहेत. म्हणून नोकरीतल्या सवयीप्रमाणे या विषयाची फाईल उघडून पाहावी असे वाटले. जे नक्की माहीत आहे ते एका बाजूला, जे ऐकीव आहे ते दुसऱ्या बाजूला.

नक्की माहीत असलेले असे. नव्या अनुभव मंटपाची कल्पना २०१६ मधली. सिद्धरामय्या मुख्यमंत्री असताना गो. रु. चन्नबसप्पा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ६ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी भूमिपूजन केले. साडेसात एकर जागा, सहा मजले, कल्याणी चालुक्यांच्या शैलीतली बांधणी, ७७० खांब, ७७० माणसे बसतील असे सभागृह, शिखरावर शिवलिंग. शिवाय ग्रंथालय, संशोधन केंद्र, खुला रंगमंच, प्रार्थनागृह, योगकेंद्र. खर्चाचा आकडा तेव्हा ५०० कोटींचा सांगितला गेला, पुढे तो ६०० कोटींच्या वर गेला. अंमलबजावणी बसवकल्याण विकास मंडळाकडे.

आता मांडवातल्या गप्पा याच्या शेजारी ठेवून पाहा. ७७० ही संख्या खरी आहे. बाराव्या शतकातल्या मंटपात ७७० शरण-शरणी होते असे परंपरा मानते, त्यावरून खांब आणि आसने ठरली. पण लोकांच्या तोंडून फिरता फिरता खांबांचे पुतळे झाले. यंत्रमानवाचेही तसेच. २०२१ च्या घोषणेत अत्याधुनिक रोबोट यंत्रणेचा उल्लेख खरोखरच होता. मात्र तो बसवण्णांसारखा दिसेल, वचने म्हणेल, हात उंचावेल हे सगळे मागाहून चिकटले. बोटींचा आणि रोपवेचा उगम मला कुठेच सापडला नाही, बहुधा कुणीतरी सापुताऱ्याला किंवा रायगडला जाऊन आला असावा. अफवा साफ खोटी असती तर ती चार दिवसांत मेली असती. आत रुपयात चार आणे खरे असते, म्हणूनच ती टिकते. खोट्या नोटेचेही तसेच असते. कागद जितका खऱ्यासारखा, तितकी ती जास्त हातांतून फिरते.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडच्या थीम पार्कचे शौकीन या बाबतीत आपल्याला हार जाणार नाहीत. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात युनिव्हर्सल कंपनीचे ‘एपिक युनिव्हर्स’ नावाचे नवे उद्यान २२ मे २०२५ ला उघडले. त्याच्या आधी कित्येक वर्षे ही मंडळी हेलिकॉप्टरमधून काढलेले बांधकामाचे फोटो मोठे करून पाहत होती. हा गोल पाया कशाचा, ही उंच भिंत कुणाच्या किल्ल्याची, रुळांचे वळण कुठे जाते, यावर रात्र रात्र वाद. कंपनी तोंड उघडत नव्हती, पण स्थानिक कचेरीत बांधकाम परवान्यासाठी दिलेले नकाशे कुणालाही पाहता येतात, ते यांनी शोधून काढले. पुष्कळ अंदाज बरोबर निघाले. तारखेचा मात्र बोजवारा उडाला. २०१९ मध्ये घोषणा झाली तेव्हा २०२३ ची गोष्ट बोलली जात होती, मग कोविडमध्ये काम थांबले, आणि उद्यान उघडायला २०२५ साल उजाडले.

त्या शौकिनांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते ‘आतल्या माणसा’वर विसंबत नाहीत, कागद शोधतात. आणि अंदाज चुकला तर त्यांचे फारसे बिघडत नाही, कारण त्यांनी त्यावर घर गहाण टाकलेले नसते.

त्याच ऑर्लँडोची साठ वर्षांपूर्वीची हकीकत जमिनीच्या बाबतीत जास्त बोलकी आहे. वॉल्ट डिस्ने यांनी तिथे सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेतली, तीही निरनिराळ्या नावांच्या कंपन्या काढून, कारण खरा गिऱ्हाईक कोण हे कळले असते तर भाव चढले असते. गावात तर्कांना ऊत आला. कुणी मोटार कारखाना म्हणाले, कुणी विमानांचा. ऑक्टोबर १९६५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने नाव फोडले, महिनाभरात डिस्नेंनी स्वतः जाहीर केले, आणि आसपासच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. पुढे पाहा. डिस्नेंच्या मनात तिथे भविष्यातले एक खरेखुरे शहर वसवायचे होते, माणसे राहतील असे. डिसेंबर १९६६ मध्ये ते वारले. १ ऑक्टोबर १९७१ ला उघडले ते करमणुकीचे उद्यान. शहराची कल्पना बाजूला राहिली, आणि तिचे नाव मिरवणारे आणखी एक उद्यान १९८२ मध्ये आले. म्हणजे खुद्द मालकाने जाहीर केलेली गोष्टसुद्धा तशीच्या तशी उतरली नाही. मग मेव्हण्याच्या सांगण्याचे काय घेऊन बसायचे?

आपल्या मराठी मुलखातलीच दोन उदाहरणे पाहू. पुण्याला आंबेगावात बाबासाहेब पुरंदरे यांच्या प्रतिष्ठानने शिवसृष्टी उभारायला घेतली. एकवीस एकर जागा, चार टप्पे, ४३८ कोटींचा अंदाज. पहिला टप्पा, सरकारवाडा, १९ फेब्रुवारी २०२३ ला शिवजयंतीच्या दिवशी खुला झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते, १५ नोव्हेंबर २०२१ ला ते गेले होते. आपल्यापैकी ज्यांची मुले पुण्यात आहेत त्यांनी हे ठिकाण पाहिले असेल. माझ्या दृष्टीने त्यातली शिकण्यासारखी बाब म्हणजे त्यांनी सगळे पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवले नाही. जेवढे झाले तेवढे दाखवायला सुरुवात केली.

दुसरे उदाहरण खोपोलीच्या इमॅजिकाचे. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून जागा. खिशात पैसे असलेली कोटी-दोन कोटी माणसे दोन-तीन तासांच्या अंतरावर. याहून चांगली जागा सांगता येईल का? तरी अपेक्षेइतके लोक आले नाहीत, कर्ज हजार कोटींच्या घरात गेले, हप्ते थकले. शेवटी बँकांनी कर्जाची तडजोड केली आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतले. इमॅजिका बंद पडले नाही, आजही चालते आहे, नातवंडे हट्ट धरतात. पण पहिल्या धन्याच्या हातून ते गेले. लोकांना आवडणे वेगळे आणि हप्ता फिटणे वेगळे. हा धडा मी नोकरीत अनेकदा पाहिला आणि दर वेळी नव्याने चक्रावलो.

अनुभव मंटपाची आणि करमणुकीच्या उद्यानाची तुलना काहींना खटकेल. मंटप हे श्रद्धेचे आणि विचारांचे ठिकाण आहे, तिथे झोके नाहीत, हे मलाही मान्य. सरकारने बांधलेल्या वास्तूला बँकेचा हप्ताही नसतो. पण तिच्या आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या लॉजला, खानावळीला, प्रसादाच्या दुकानाला असतो. मी बोलतोय ते त्यांच्याबद्दल.

आपल्याच भागातली आठवण सांगतो. बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग मंजूर झाला तेव्हा मी नोकरीच्या मध्यावर होतो. ‘आज ना उद्या गाडी येणार’ म्हणून होणाऱ्या स्टेशनाजवळ एका गिऱ्हाइकाने हॉटेलसाठी जागा घेतली, इमारत उभी केली. माणूस प्रामाणिक, हिशेबाला चोख. पण गाडी येईना. भूसंपादन, पूल, निधी, पुन्हा निधी. मंजुरीपासून सुमारे वीस वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१७ ला, पंतप्रधानांच्या हस्ते तो एकशेदहा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. तोपर्यंत या गृहस्थांनी तुरीच्या पैशातून व्याज भरले आणि शेवटी एक शेत विकून कर्ज मिटवले. आज त्या हॉटेलसमोर रिक्षा थांबतात, पण मालक दुसरा आहे. त्यांचा अंदाज चुकला नव्हता, बरे का. गाडी आलीच. फक्त त्यांच्या हप्त्याचे वेळापत्रक आणि रेल्वेचे वेळापत्रक जुळले नाही. बिदरच्या विमानाचेही बघा ना. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले, मध्ये थांबले, पुन्हा सुरू झाले.

आता चौदा खोल्यांच्या लॉजचा हिशेब. कर्ज ऐंशी लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षे. लाखाला साधारण १,३५० रुपये हप्ता, म्हणजे महिन्याला एक लाख आठ हजार. खोलीचे भाडे सरासरी हजार रुपये धरू. सगळ्या खोल्या महिनाभर भरल्या तर चार लाख वीस हजार येतील. पण असे कुठल्याच गावात होत नाही. चारातली एक खोली भरली तर महिन्याला एक लाख पाच हजार, म्हणजे हप्त्यालाही कमीच. वीजबिल, पगार, चादरी धुण्याचा खर्च, रंगरंगोटी अजून बाजूलाच आहे. खर्च धरून हप्ता सुटायचा तर निम्म्याहून जास्त खोल्या वर्षभर भरायला हव्यात.

वर्षभर हा शब्द महत्त्वाचा. गाणगापूरला जाऊन विचारा. कलबुर्गी जिल्ह्यातले हे आपले सर्वांचे क्षेत्र, गुरुचरित्रामुळे महाराष्ट्रातून माणसांचा ओघ कित्येक पिढ्यांचा. तिथले लॉजवालेसुद्धा सांगतील, गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती सोडून बाकीचे दिवस कसे जातात ते. माणिकनगरलाही उत्सवात पाय ठेवायला जागा नसते, एरवी शांतता असते आणि खरे तर तीच छान वाटते. बसवकल्याण तर महामार्गापासून जवळ. सोलापूर-उमरग्याकडून येणारा माणूस सकाळी येऊन, पाहून, जेवून संध्याकाळी हैदराबादला पोचू शकतो. जागा रस्त्यालगत असणे खानावळीला फायद्याचे असले, तरी लॉजला कधीकधी तोट्याचे ठरते. तिथे १०८ फुटांचा बसवण्णांचा पुतळा उभा राहून दहा वर्षांच्या वर काळ झाला. तो पाहायला येणारी किती माणसे रात्री मुक्काम करतात, हे आजच जाऊन मोजता येते. त्यासाठी कुणाच्या मेव्हण्याला विचारायला नको.

आणि उशीर झाला तर? ऐंशी लाखांचे वर्षाचे व्याज आठ लाख चाळीस हजार. मंटप दोन वर्षे पुढे गेला तर सतरा लाखांचा खड्डा, तोही धंद्याचा पहिला रुपया यायच्या आधी. मी नोकरीत असतो आणि हा प्रस्ताव टेबलावर आला असता, तर मी चहा पाजून परत पाठवला असता.

मग अंदाज करूच नयेत का? जरूर करावेत, पण कशावरून करतो ते पाहावे. माझ्या मते बांधकामातून आतल्या वस्तूंचा अंदाज काढता येत नाही. दगडी काम आणि आतली मांडणी ही दोन वेगळी कामे, त्यांची टेंडरे वेगळी, बहुतेक वेळा ठेकेदारही वेगळे. आतले चित्रपट, दिवे, प्रतिमा, माहितीचे फलक, आवाजाची यंत्रणा हे सगळ्यात शेवटी ठरते, आणि पैसे कमी पडले तर कात्री आधी त्यालाच लागते. तेव्हा कुणी यंत्रमानवाची गोष्ट सांगितली तर विचारावे, त्याचे टेंडर निघाले का? सरकारी टेंडरे आता संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. अर्थसंकल्पात त्या वर्षी किती रक्कम ठेवली आणि त्यातली प्रत्यक्ष किती सुटली हा दुसरा प्रश्न. भाषणातल्या कोटींना मी जमेत धरत नाही. भूमिपूजन झाले त्याच वर्षी १७ एप्रिलला बसवकल्याणची पोटनिवडणूक होती, आणि त्याच्या काही महिने आधी मराठा समाजासाठी विकास प्राधिकरण आणि ५० कोटी जाहीर झाले होते, हे आपण विसरलेलो नाही. सरकारे बदलली तरी मंटपाचे काम थांबले नाही, ही मात्र जमेची बाजू. ज्यांच्या काळात कल्पना निघाली तेच सिद्धरामय्या परत मुख्यमंत्री झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारने बसवण्णांना राज्याचे सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले. एवढे झाल्यावर काम अर्धवट सोडणे कुणालाच परवडणार नाही. मंटप पूर्ण होईल असे मला वाटते. कधी, ते मी सांगणार नाही.

आता आपल्याशी जास्त संबंधित असलेल्या मुद्द्याकडे येतो. आतली मांडणी शेवटी ठरते असे वर म्हटले. याचा अर्थ ती ठरवणाऱ्यांना काही सांगायचे असेल तर वेळ हीच आहे. आपण मात्र काय येणार याच्याच पैजा लावत बसलो आहोत.

बसवकल्याणला येणारा पाहुणा कोण? कन्नड भाषक तर असणारच. पण लातूर, उदगीर, निलंगा, उमरगा, सोलापूर, नांदेड इथून येणारी लिंगायत कुटुंबे, शाळांच्या सहली, गाणगापूर-माणिकनगर करून पुढे येणाऱ्या बसगाड्या यांची भाषा मराठी आहे. १९५६ मध्ये जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, आपण इकडे राहिलो. नातेवाईक मात्र तिन्हीकडे राहिले. त्या माणसाने आत जाऊन भिंतीवरचे काही न वाचता, फक्त फोटो काढून परत यावे का? माहितीफलकावर कन्नड, इंग्रजी, हिंदीच्या जोडीला मराठी आणि तेलुगूही असावी, निदान कानाला लावायच्या यंत्रावर मराठी निवेदन असावे, ही मागणी सीमावादाची नाही. आलेल्या पाहुण्याला त्याच्या भाषेत ‘या, बसा’ म्हणण्याची आहे. मजकूर नव्याने घडवायचीही गरज नाही. बंगळुरूच्या बसव समितीने वचने अनेक भारतीय भाषांत आणली, त्यात मराठी आहे.

भाषेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे काय दाखवायचे. कल्याणच्या इतिहासात आपला वाटा आहे, आणि तो कुणाकडून हिसकावून घ्यायचा नाही, तो लिहिलेलाच आहे. याच कल्याणच्या दरबारात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. स्वयंपाक, शिकार, संगीत, हत्ती, सगळे त्यात आहे. आणि त्यातच महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणच्या राजाला आपल्या आयाबहिणींची ओवी ठाऊक होती! आपल्याकडे भालकी-औरादच्या खेड्यांत जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी लहानपणी ऐकल्या आहेत, तुमच्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील. मंटपाच्या संग्रहालयात एका कोपऱ्यात उखळ-मुसळ आणि ती ओवी ऐकू आली, तर यंत्रमानवापेक्षा त्याला गर्दी होईल. ही माझी पैज.

त्याआधीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. शहाबादजवळचे मरतूर हे त्याचे गाव मानतात. मी बीकॉम करून बँकेत लागलो तेव्हा हिंदू अविभक्त कुटुंबाचे खाते उघडताना, मयत खातेदाराच्या वारसांचे कागद तपासताना मिताक्षरा हा शब्द कितीदा वापरला असेल. तो ग्रंथ आपल्या शेजारच्या मातीतला आहे हे मला निवृत्तीनंतर कळले. लाज वाटली.

आणि स्वतः बसवण्णा. परंपरा सांगते की ते आधी मंगळवेढ्याला बिज्जळाच्या पदरी हिशेबनीस होते, मग कल्याणला भांडारी झाले. म्हणजे क्लार्कपासून खजिनदारापर्यंत बढती. आम्हा बँकवाल्यांना अभिमान वाटावा असा हा माणूस, सरकारी पैशाचा चोख हिशेब ठेवून रात्री अनुभव मंटपात चांभार, धोबी, नावाडी, कोष्टी यांच्या बरोबरीने बसून वाद करणारा. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे आणि तिथेही बसवेश्वरांच्या स्मारकाची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. मंगळवेढे ते कल्याण हा प्रवास नकाशावर दाखवायचा म्हटले, तर राज्याची सीमा आपोआपच ओलांडावी लागते.

भाषेच्या पाटीबद्दल बोलताना भालकीच्या चन्नबसव पट्टद्देवरूंची आठवण येते. बसवकल्याणचा जुना अनुभव मंटप उभा राहिला तो त्यांच्या पुढाकाराने. निजामाच्या राजवटीत त्यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकवले, ही गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी आपली भाषा अशी जपली, त्यांच्या वारसदारांना शेजाऱ्याच्या भाषेची एक ओळ मागितलेली कळेल, असा माझा विश्वास आहे. मात्र मागावी लागेल. अर्ज केल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही.

म्हणून मी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक निवेदन ठेवत आहे. बसवकल्याण विकास मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देण्यासाठी, कन्नड आणि मराठी दोन्हींत. त्यात मागण्या थोड्याच आहेत: मराठी माहितीफलक किंवा निवेदन, ‘मानसोल्लास’मधल्या ओवीच्या उल्लेखाला जागा, मंगळवेढ्याचा नकाशा, आणि पुण्याप्रमाणे जेवढे तयार होईल तेवढे टप्प्याटप्प्याने लोकांना खुले करणे. कन्नड मसुदा आपल्यातल्याच एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तपासून दिला आहे. माझ्या कन्नडात त्यांनी सतरा चुका काढल्या. ज्यांच्याकडे जुन्या ओव्या पाठ असलेल्या आई, आजी, मावशी आहेत, त्यांनी मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवावा, ही वेगळी विनंती. त्यासाठी मंटप पूर्ण होण्याची वाट पाहू नये. त्या बायकांची वये तुम्हाला माहीत आहेत.

लग्नातल्या त्या गृहस्थांना मी नंतर घरी बोलावले. दोन तास कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आता त्यांचा बेत बदलला आहे. तूर्त त्याच साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, महामार्गावरच्या गिऱ्हाइकासाठी. कर्ज नऊ लाख. पाया मात्र वर मजला चढवता येईल असा भक्कम घ्यायचा म्हणतात. बायकोला खानावळीचा बेत पसंत आहे, मुलाला अजून लॉजच हवे आहे. जाताना दारात उभे राहून त्यांनी पुन्हा विचारले, "पण साहेब, तो रोबोट खरंच येणार का हो?"